जीपच्या पुढच्या चाकाचा घूं-घूं आवाज: शेवटी बेअरिंगचा कप बदलला तेव्हा गेला

जुनी ४x४ जीप, चाळीसच्या वर स्पीड गेला की पुढून डावीकडून घूं-घूं, उजवीकडे वळवली की आवाज वाढायचा. अलाइनमेंट केलं, टायर अदलाबदल केले, मग बेअरिंग बदलली पण कप (बेअरिंगचे रोलर जिच्यावर फिरतात ती बाहेरची रिंग) जुनाच ठेवला आणि महिन्याभरात आवाज परत. तीन रविवार गेले राव. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतात) उघडला तर ग्रीस दुधाळ चहासारखं, कपावर बारीक खड्डे, म्हणजे ओढ्यातून जाताना सीलमधून पाणी शिरलेलं.

आधी हबला आतून मार लागू नये म्हणून पितळी रॉडने आलटून-पालटून ठोकून दोन्ही जुने कप काढले, हब डिझेलने धुऊन पूर्ण सुकवला. आतली-बाहेरची दोन्ही टेपर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग कपासकट, एकाच कंपनीची घेतली, नंबर जुन्यावरून जुळवून. कप तळाला टेकेपर्यंत बसवले, बेअरिंगमध्ये तळहाताने दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत ग्रीस दाबलं, नवीन सील लावलं. मग हब फिरवत आतला नट ६८ न्यूटन-मीटर घट्ट, नंतर एक-षष्ठांश फेरा सैल, लॉक वॉशर, बाहेरचा नट, नट फिरू नये म्हणून वॉशरची कड वाकवली. चाक बारा-सहाला (वर आणि खाली) धरून हलवलं, खुळखुळ नाही, आणि मोकळं फिरतंय. नटाचा आकडा आपापल्या मॅन्युअलमधून बघा, हा माझ्या एक्सलचा आहे.