लिलावाच्या रात्री या चुका टाळा

सोसायटीच्या टर्फ लीगपासून मैदानावरच्या टेनिस क्रिकेटपर्यंत मुंबईत आता सगळीकडे खेळाडूंचा लिलाव होतो. दरवर्षी तेच घडतं: पहिल्या अर्ध्या तासात दोन संघ पर्स, म्हणजे खर्चाला मिळालेले सगळे पॉइंट, उधळतात आणि उरलेली रात्र बेस प्राइसला, म्हणजे बोली सुरू होते त्या किमान किमतीला, जे मिळेल ते उचलत बसतात. मग खापर चिठ्ठीवर, म्हणजे नावं कुठल्या क्रमाने निघाली त्यावर. चिठ्ठीचा वाटा असतोच, पण बरीचशी वाट चुकलेल्या हिशेबाने लागलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आपली कमाल बोली माहीत नसणं. समजा १०,००० पॉइंट, १२ खेळाडू, बेस प्राइस २००. पहिल्या नावाला तुम्ही जास्तीत जास्त ७,८०० लावू शकता, कारण बाकीच्या अकरांसाठी २,२०० राखून ठेवावे लागतात. कॅप्टन ४,५०० ला घेतला की हातात ५,५००, जागा ११, कमाल बोली ३,५००. त्यात दुसरा स्टार ३,००० ला घेतला तर दहा जागांसाठी उरले २,५००. नियमाने सगळं बरोबर, पण डोक्यामागे २५० पॉइंटमध्ये दहा जण कुठून आणणार? हा आकडा प्रत्येक हातोड्यानंतर कागदावर पेन्सिलीने खोडून नव्याने लिहायचा. मोबाइलच्या शीटवर भिस्त ठेवणारे ऐन बोलीत स्क्रोल करत बसतात.

नियमाचं गणित यादीपेक्षा कसं भारी पडतं, ते २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईतच दिसलं. आयपीएलच्या पहिल्या लिलावात पर्स ५० लाख डॉलरची, आणि आयकॉन खेळाडूला, म्हणजे लिलावाबाहेर ठेवून त्याच्या शहराच्या संघाला दिलेल्या स्टारला, त्याच्या संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे. धोनी १५ लाख डॉलरना चेन्नईकडे गेला. चेन्नईकडे आयकॉन नव्हता. सचिन ज्यांचा आयकॉन होता त्या मुंबईला तोच धोनी घ्यायचा तर सचिनला १७.२५ लाख द्यावे लागले असते. म्हणजे दोघांवरच ३२.२५ लाख. खेळाडू एकच, पण दोन टेबलांवर त्याची किंमत वेगळी.

दुसरी चूक, एक ते चाळीस अशी सरळ यादी करून येणं. आणि यादी कशावरून? गेल्या मोसमातल्या रन्सवरून! पाच-सहा इनिंग्जमध्ये दोनदा नॉटआउट राहिला की कुणाचीही सरासरी फुगते. रन्स कुणाच्या बोलिंगवर आणि किती चेंडूंत झाले, ते आधी बघा. मग नावं कामाप्रमाणे गटांत लावा. आठ ओव्हरची मॅच आणि एका बोलरला दोनच ओव्हर असतील, तर चार बोलर लागतातच, पाचवा हाताशी हवा. हे विसरून सिक्स मारणारे सात जण गोळा केलेले संघ दरवर्षी दिसतात, आणि दरवर्षी सातवी ओव्हर कोण टाकणार यावर भांडतात.

गट केले की चिठ्ठीची भीतीही कमी होते. तीन कीपर साधारण सारखेच असतील तर पहिल्यावर तुटून पडायची गरज नाही. गटातला शेवटचा उरला की मात्र भाव भडकतो, म्हणून शेवटून दुसऱ्यावर हात टाकावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या डब्ल्यूपीएलच्या, म्हणजे महिलांच्या आयपीएलच्या, लिलावात पहिलंच नाव स्मृती मानधनाचं निघालं. प्रत्येकाची १२ कोटींची पर्स भरलेली, ती ३.४ कोटींना बंगळुरूकडे गेली. तिच्यासाठी बोली लावणाऱ्या मुंबईने त्यानंतर हरमनप्रीत १.८ कोटींना घेतली आणि पहिला मोसम जिंकला. एका नावासाठी हट्ट धरणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

नावासोबत नोंदणी क्रमांक लिहा. डिसेंबर २०२३ च्या आयपीएल लिलावात शशांक सिंग नावाचे दोन खेळाडू यादीत होते आणि २० लाखांना एक घेतल्यावर पंजाबच्या टेबलावर गोंधळ उडाला. घेतलेला हवा तोच होता, असं संघाने नंतर सांगितलं. त्याने त्या मोसमात ३५४ रन्स काढले. तुमच्या लीगमध्ये एकाच आडनावाचे तिघे असतील आणि नशीब इतकं चांगलं असेलच असं नाही.

खेळाडूला रविवारी शिफ्ट आहे का, हे आधी फोन करून विचारा. दुसऱ्याचा भाव चढवायला बोली लावू नका. तो खेळाडू तुमच्याच गळ्यात पडतो.

अनसोल्ड फेरीसाठी, म्हणजे न विकले गेलेले खेळाडू शेवटी पुन्हा येतात त्या फेरीसाठी, बेस प्राइसच्या वर निदान ३०० पॉइंट राखून ठेवा. तोवर बहुतेकांकडे बेसपुरतेच उरलेले असतात, त्यामुळे २५० ची बोलीही बहुधा कुणी ओलांडत नाही. आणि त्या फेरीत बेस प्राइस तीच राहते की कमी होते, हे आयोजकांना लिलाव सुरू होण्याआधी विचारा.