पाळीची तारीख बघून सिगारेट कशी सोडायची

सिगारेट वाईट हे तुम्हाला माहितीये म्हणूनच हे वाचताय, तेव्हा ते पुराण नको. लायटर, उरलेलं पाकीट टाकून द्या, टपरीवरच्या ग्रुपला सांगून ठेवा. झालं.

आता तारीख. एक जानेवारी, वाढदिवस, सोमवार असलं काही धरू नका. पाळीचा दुसरा-तिसरा दिवस, अंगावरून जाणं जरा कमी झालं की, तो दिवस धरा. निकोटीन सुटल्याचा त्रास पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो, मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातो, म्हणजे २८ दिवसांचं चक्र असेल तर पुढच्या पाळीआधीचे वाईट दिवस येईपर्यंत तुमच्या हातात जवळजवळ तीन आठवडे असतात. कुठल्या टप्प्यात सोडलेली टिकते यावर संशोधकांचं एकमत नाहीये, काहींना पाळीनंतरचे दिवस बरे दिसले, काहींना बरोबर उलट. माझं मत मी सांगितलं. पण आज चक्राचा २० वा दिवस आहे आणि आजच सोडावीशी वाटतेय तर आजच सोडा, फक्त पुढचं नीट वाचा.

खरी अडचण इथे आहे. पाळीआधीचे पाच-सहा दिवस. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन्स उतरायला लागतात, चिडचिड होते, झोप लागत नाही, सारखं खावंसं वाटतं, उगाच रडू येतं. निकोटीन सोडल्यावरही हेच सगळं होतं! दोन्ही एकदम आलं की बाईला वाटतं आपल्याला जमतच नाही. मी तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा याच दिवसांत परत ओढली, एकदा तर रात्री घरात भांडून खाली उतरले, सुट्टी सिगारेट घेतली (राज्यात सुट्टी विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी मिळाली), आणि दोन दिवसांनी पाळी आली. सगळे म्हणाले निश्चय कमी पडला. या वाक्याचा मला आजही राग येतो, कारण कॅलेंडरकडे कोणीच बघितलं नव्हतं, मी पण नाही.

म्हणून चौथ्या वेळी ते दिवस कॅलेंडरवर आधीच लाल केले. त्या दिवसांत दारू नाही, पार्टी नाही, मोठा वाद नाही. चहा-कॉफी निम्म्यावर आणा, हे कोणी सांगत नाही पण सिगारेट सुटली की शरीरातून कॅफिन हळू बाहेर पडतं, तेवढीच कॉफी जास्त चढते आणि झोप उडाली की आपण पाळीला दोष देतो. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ जिना चढा-उतरा. निकोटीन गम वापरत असाल तर या दिवसांत कमी करू नका. २ मिलीग्रॅमचा मेडिकलमध्ये मिळतो, थोडा चावून गालात धरायचा, सतत चघळायचा नाही, आणि त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी-ज्यूस नको.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी आधी बोला, गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे निकोटीन शरीरातून लवकर निघतं म्हणून तलफही लवकर येऊ शकते. आणि पस्तिशीनंतर सिगारेट आणि इस्ट्रोजेनची गोळी एकत्र म्हणजे रक्ताच्या गाठीचा आणि हार्ट ॲटॅकचा धोका, तिथे टाळाटाळ नको.

पीसीओएसमुळे पाळी अनियमित असेल तर तारखेचा हिशोब सोडून द्या, स्तन दुखायला लागणं, पोट फुगणं ही तुमची नेहमीची लक्षणं दिसली की लाल दिवस सुरू झाले असं धरा. आणि एखादी ओढली गेलीच तर पुढच्या पाळीची वाट बघत बसू नका, उरलेलं पाकीट त्याच रात्री पाण्यात बुडवा आणि सकाळी १८०० ११ २३५६ ला फोन लावा, तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.