बागेतला नळ जोडावर गळतोय? आधी कुठून गळतंय ते बघा

आमच्या अंगणातला नळ जवळजवळ वर्षभर गळत होता. दोनदा एमसील थापलं, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत परत ठिबक ठिबक सुरू. शेवटी नळ उघडून बसलो तेव्हा कळलं की एमसील लावलं एकीकडे आणि पाणी येत होतं दुसरीकडून, ते फक्त ओघळून खाली जमायचं.

म्हणून पहिलं काम म्हणजे नळ फडक्याने कोरडा ठणठणीत पुसा, पाईप काढून ठेवा आणि टिश्यू किंवा पेपरचा तुकडा एकेका जागी टेकवून बघा. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडतोय म्हणजे आतला वॉशर गेला. नळ चालू केल्यावर चावीखालून पाणी येतंय म्हणजे तिथली ग्लँडची नट (चावीच्या दांड्याभोवतीची) ढिली झालीय, ती पाव आटा आवळली की बऱ्याचदा थांबतं. भिंतीत नळ शिरतो तिथे ओलं होतंय म्हणजे आट्यांचा जोड गेला. आणि हे सगळं कोरडं आहे पण पाईप लावला की फवारा उडतो, तर नळाला हातच लावू नका, दोष पाईपच्या टोकात आहे.

हा पाईपवाला प्रकार सगळ्यात सोपा. उन्हाने पाईपचं टोक कडक होऊन चिरतं, आणि लोक त्याच्यावरच तार गुंडाळत बसतात. चिरलेलं तीन-चार इंच सरळ कापून टाका, नवं टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवा म्हणजे मऊ पडतं, मग नळाच्या नोझलवर (पाईप चढतो त्या तोंडावर) शेवटपर्यंत ढकला आणि स्क्रूवाला स्टीलचा क्लॅम्प लावा. तार नको, ती एकाच रेषेत रुतते आणि पाईप तिथेच फाटतो.

आता भिंतीतला जोड. वर टाकीचा व्हॉल्व बंद करा, नळ उघडा ठेवून लाईनमधलं पाणी जाऊ द्या, मग पान्याने नळ उलटा फिरवून काढा. लाईन सीपीव्हीसीची (प्लास्टिकची) असेल तर फार हिसका देऊ नका, आतला एल्बो, म्हणजे नळ ज्यात बसतो तो वाकडा जोड, तडकला तर भिंत फोडावी लागते. नळ हातात आला की आटे तारेच्या ब्रशने साफ करा, जुन्या टेपचे आणि सफेद्याचे (आट्यांना लावायच्या पांढऱ्या लेपाचे) तुकडे अजिबात ठेवायचे नाहीत. नळाचे आटेच झिजलेले दिसले तर सरळ नवा अर्धा इंची नोझल कॉक (पाईप लावायचं तोंड असलेला नळ) आणा, शक्यतो पितळी. प्लास्टिकचा उन्हात किती टिकेल सांगता येत नाही.

टेफ्लॉन टेप गुंडाळताना बरेच लोक इथेच चुकतात (मी पण चुकलोच होतो). आट्यांचं तोंड स्वतःकडे करून धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टेप ताणून गुंडाळा, उलटा गुंडाळला की नळ बसवताना टेप सुटून गोळा होतो. पहिला आटा मोकळा सोडा. आपल्याकडची टेप पातळ असते त्यामुळे दोन-तीन वेढ्यांनी काही होत नाही, दहा-बारा तरी द्या, एल्बो जुना असेल तर पंधरा. जुने प्लंबर सुतळी आणि सफेदा लावतात, तेही जीआय (लोखंडी) लाईनवर छान टिकतं, पण प्लास्टिकच्या आट्यांवर सुतळी जास्त झाली तर बाहेरचा भाग फाटू शकतो.

मग नळ आधी हातानेच फिरवा. आटे वाकडे धरले असतील तर इथेच अडकतं, तेव्हा जोर न लावता काढून परत बसवा. हाताने जाईल तेवढा गेला की पान्याने एक-दीड आटा, बस. तोंड खाली येईपर्यंत फिरवायचं आणि समजा थोडं पुढे गेलं, तर सरळ करायला म्हणून मागे आणू नका, मागे आणलं की टेप सुटलाच आणि गळती तिथेच परत. पूर्ण काढा, जुनी टेप साफ करा आणि दोन-तीन वेढे जास्त देऊन परत बसवा, म्हणजे आधीच घट्ट होतो. कंटाळा येतो, पण दुसरा उपाय नाही.

हे सगळं करूनही भिंत ओलीच राहत असेल, तेही नळ बंद असताना, तर आतला एल्बो गेलाय, मग प्लंबरच बोलवा.

आमचा जोड का ढिला झाला ते नंतर लक्षात आलं. झाडांना पाणी घालताना कोपऱ्यावरून पाईप ओढायचो, तो सगळा ओढा नळावर यायचा आणि नळ रोज केसभर हलायचा. आता भिंतीत एक हूक मारलाय, पाईप त्यातून घेतो, ओढला तरी हुकाला बसतो.

काम झाल्यावर टाकीचा व्हॉल्व परत उघडा, मग जोडाखाली जुना पेपर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी कोरडा असला की जमलं. व्हॉल्व उघडायचं मात्र विसरू नका, मी विसरलो होतो आणि आमचे चिरंजीव अर्धवट साबण लावून बाथरूममधून ओरडत होते.