ग्राहकांना ई-मेल पाठवताना या चुका टाळा

लहान व्यवसायांना ई-मेलची व्यवस्था लावून देण्याचे काम मी करतो. दर हंगामात तीच गाऱ्हाणी नव्या तोंडून ऐकू येतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी घाई असते. सर्वांत महाग पडणारी घाई म्हणजे विकतची यादी. लाखभर पत्त्यांची एक्सेल फाइल थोड्या पैशांत मिळते, ती अपलोड करायला पाच मिनिटे लागतात आणि विकणारा ‘व्हेरिफाइड डेटा’ असल्याची ग्वाहीही देतो. मात्र त्या फाइलमधील एकाही माणसाने तुमच्याकडे मेल मागितलेला नसतो, ही गोष्ट कोणत्याही पडताळणीने बदलत नाही.

पुण्यातील एका फराळ उत्पादकांचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. अमेरिका, इंग्लंड आणि आखाती देशांतील मराठी कुटुंबे दिवाळीसाठी त्यांच्याकडे नेमाने मागणी नोंदवत असत. एका वर्षी गणपती उठल्यावर त्यांनी अशी फाइल विकत घेतली, तिच्यात जुन्या ग्राहकांचे पत्ते मिसळले आणि सवलतीचा मेल सर्वांना एकाच रात्री पाठवला. फाइलमध्ये बंद पडलेल्या कंपन्यांचे आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसांचे पत्ते भरलेले होते. त्यामुळे सकाळपर्यंत ढीगभर मेल बाउन्स झाले, म्हणजे न पोचता परत आले, ज्यांना मेल पोचला त्यांतील अनेकांनी तो स्पॅम म्हणून नोंदवला आणि मेल पाठवणाऱ्या सेवेने खाते गोठवले. इथवरचे नुकसान भरून निघाले असते. पण डोमेनची, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची, मेल स्वीकारणाऱ्या सेवांकडील पत घसरल्यामुळे त्याच डोमेनवरून जाणाऱ्या ऑर्डरच्या पावत्या आणि कुरिअरचे ट्रॅकिंग क्रमांकही स्पॅम फोल्डरमध्ये पडू लागले. ऐन वसुबारसेच्या सुमारास परदेशातून रात्री-अपरात्री फोन येत होते, ‘पैसे भरले, पण पार्सलचा पत्ताच नाही’, आणि पार्सले तर वेळेवर निघालेली होती. वर्षानुवर्षांच्या ग्राहकांचा विश्वास असा विनाकारण डळमळला, याचे मला आजही वाईट वाटते.

घसरलेली पत सावरायला कित्येक आठवडे लागतात आणि त्याला जवळची वाट नाही. आम्ही प्रचाराचे मेल थांबवले, त्यांच्यासाठी वेगळे सबडोमेन (मूळ डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेले उपनाव) घेतले आणि गेल्या वर्षभरात खरेदी केलेल्या ग्राहकांपासून लहान-लहान तुकड्यांत पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून पावत्यांचा आणि प्रचाराचा मार्ग मी पहिल्या दिवसापासूनच वेगळा ठेवतो. नवीन पत्ता आला की ‘आपणच नाव नोंदवले आहे ना?’ असा पुष्टीचा मेल पाठवतो आणि ग्राहकाने दुव्यावर क्लिक केल्यावरच तो पत्ता यादीत घेतो. प्रदर्शनातील वहीत ग्राहकांनी लिहिलेले पत्ते तर त्याच संध्याकाळी भरावेत, कारण ‘जीमेल.कॉम’चे ‘जीमेल.कॉन’ झालेले असले तरी त्या दिवशी शेजारी लिहिलेल्या फोनवर विचारता येते. या पद्धतीने यादी हळू वाढते, अशी तक्रार नवखे लोक करतात. ती वाढू द्यावी. मागून घेतलेले दोनशे पत्ते मला विकतच्या लाखापेक्षा मोलाचे वाटतात.

दुसरी चूक तांत्रिक आहे आणि ती करण्याला सबब नाही. आपल्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये करायच्या ओळख पटवणाऱ्या तीन नोंदी नसतील, तर मेल खरोखर आपणच पाठवला आहे हे समोरच्या सर्व्हरला खात्रीने कळत नाही. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांसाठी या तिन्ही नोंदी बंधनकारक केल्या. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणारा गूगलच्या ‘घाऊक’च्या व्याख्येत बसतो. मात्र ‘आमचे तर पाचशेच ग्राहक आहेत’ म्हणून हे काम टाळू नये. गूगलच्या नियमांनुसार स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत राखावे आणि ते ०.३ टक्क्यापर्यंत कधीही पोचू देऊ नये, म्हणजे हजारात तीन नाराज माणसेही जास्त ठरतात.

नोंदी करताना एक घोळ हमखास होतो. डोमेनवर आधीच एसपीएफची एक नोंद असते आणि नवी सेवा घेतल्यावर तिने दिलेली ओळ कोणीतरी दुसरी नोंद म्हणून जोडतो. एका डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी झाल्या की पडताळणीच चुकते. नव्या सेवेचे नाव पहिल्याच नोंदीत घालावे लागते. आपल्या फुकटच्या जीमेल पत्त्याच्या नावाने बाहेरच्या सेवेतून प्रचाराचे मेल पाठवणे हाही असाच प्रकार आहे, कारण जीमेलचे डोमेन आपले नसल्यामुळे त्यावर त्या सेवेची नोंद आपल्याला करता येत नाही. तपासणी सोपी आहे: स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवावा, तो संगणकावर उघडून तीन ठिपक्यांतील ‘शो ओरिजिनल’ निवडावे आणि तिन्ही नावांपुढे ‘पास’ दिसेपर्यंत ग्राहकांना एकही मेल पाठवू नये.

यादीतून बाहेर पडण्याचा दुवा फिकट रंगात लपवू नये; तो सापडला नाही की माणूस स्पॅमचे बटण दाबतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यातही संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे तत्त्व आहे. शंभर जणांचे पत्ते ‘टू’मध्ये टाकून पाठवणे तर अक्षम्य आहे, कारण त्यात प्रत्येक ग्राहकाचा पत्ता इतर सर्वांना दिसतो. किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर फार विसंबू नये. तो आकडा मेलमधील एक अदृश्य चित्र उतरले की नाही यावरून मोजतात आणि ॲपलने २०२१ मध्ये मेलमधील चित्रे परस्पर उतरवून घेणारी सोय आणल्यापासून तो फुगतो, म्हणून मी क्लिक आणि प्रत्यक्ष मागणीच पाहतो. संपूर्ण जाहिरात एकाच चित्रात भरू नये, कारण चित्रे बंद असलेल्या ग्राहकाला त्यात काहीच वाचता येत नाही.

मराठी मजकुराबाबत एक सूचना आवर्जून करतो. छपाईसाठी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर जसाच्या तसा मेलमध्ये चिकटवला, तर ग्राहकाला रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. पाठवणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट असल्यामुळे त्याला सर्व ठीक वाटते. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत आणि चाचणीचा मेल अशा फोनवर उघडून पाहावा ज्यात आपला कोणताही फॉन्ट बसवलेला नाही.