वकील म्हणून सुप्रीम कोर्टात पहिल्यांदा एसएलपी चालवायला जाताय? मग हे वाचा

हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध घटनेच्या कलम 136 खाली एसएलपी (स्पेशल लीव्ह पिटिशन, म्हणजे अपिलासाठी खास परवानगी मागणारा अर्ज) करायची तर मुदत 90 दिवसांची, आणि वकिलांपैकी फायलिंग फक्त अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डच (एओआर, म्हणजे सुप्रीम कोर्टात तशी नोंदणी असलेला वकील) करू शकतो, म्हणून निकाल लागला की आधी एओआर गाठा. त्याने तुम्हाला केस चालवायला सांगितलं, की मग युक्तिवाद तुम्ही स्वतः करू शकता.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते भाषांतर. माझी मॅटर कुळकायद्याची होती, सातबारा, फेरफार, तलाठ्याचे जबाब सगळं मराठीत, आणि तिथे कामकाज इंग्रजीत चालतं. एका फेरफारात ‘वहिवाट’ (म्हणजे ताबा-वापर, मालकी नव्हे) या शब्दाचं भाषांतर ‘ओनरशिप’ झालेलं, आदल्या रात्री दिसलं म्हणून वाचलो, नाहीतर केसचा अर्थच उलटा झाला असता! त्यामुळे प्रत्येक पान स्वतः मूळ कागदाशी ताडून बघा, प्लीज.

सिनॉप्सिस (केसचा सारांश) आणि लिस्ट ऑफ डेट्सवर (घटनांची तारीखवार यादी) जीव ओता, जज साहेब बहुतेक वेळा तेच वाचून आलेले असतात. अ‍ॅडमिशनला, म्हणजे केस ऐकायला घ्यायची की नाही हे ठरतं त्या सुनावणीला, दोन-तीन मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाहीत, तेव्हा फॅक्ट्सपासून सुरुवात करू नका, ‘हायकोर्टाची कायद्याची चूक ही, पान नंबर हा’ एवढंच आधी बोला. प्रश्न आला की थांबा, आधी उत्तर द्या, मग पुढे.

कोणत्या नंबरची केस चालू आहे ते दाखवणाऱ्या डिस्प्ले बोर्डावर लक्ष ठेवा, आयटम (यादीतल्या केसेस) भराभर पुढे सरकतात. समोरच्या पक्षाला नोटीस निघाली तर अंतरिम स्थगिती तिथेच, उभ्या उभ्या मागा.