स्कॉटलंडची डिस्टिलरी बघायला लातूरहून निघण्यापूर्वी

आमच्या ओळखीतली तीन जोडपी सप्टेंबरात स्कॉटलंडला निघाली आहेत. त्यातल्या एकाने परवा फोन करून विचारलं, "व्हिस्कीची डिस्टिलरी बघायचीय, चव पण देतात म्हणे, सोबत काय काय घ्यावं?" सांगायला लागलो तेव्हा लक्षात आलं की बॅगेत भरायचं फार थोडं आहे, घरून करून निघायचं मात्र बरंच आहे. मी आणि बायको मुलीकडे एडिनबराला गेलो होतो, तेव्हा तीन डिस्टिलऱ्या पाहिल्या. पहिलीच्या वेळी जे कुणी सांगितलं नाही, ते सगळं इथे लिहितो.

आधी कॅलेंडर काढा, तिकडचं आणि आपलंही. महालक्ष्म्या, पितृपक्ष, नवरात्र हे सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं. घरात पाळत असाल तर तिथीचा मेळ आधी घाला, तिथे जाऊन ग्लास हातात धरून हळहळायला नको. तिकडच्या तारखांचंही बघा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला स्पेसाइड भागात व्हिस्कीचा मोठा उत्सव असतो आणि मेअखेर आयला बेटावर. तेव्हा खोल्या मिळत नाहीत. उन्हाळ्यात बऱ्याच डिस्टिलऱ्या दुरुस्तीसाठी काही आठवडे भट्ट्या बंद ठेवतात, त्याला ते 'सायलेंट सीझन' म्हणतात. टूर तेव्हाही चालू असते, पण थंड भट्टी बघणं म्हणजे गाळप नसताना साखर कारखाना बघणं. म्हणून बुकिंग करतानाच ईमेलने विचारून घ्या की त्या दिवशी उत्पादन चालू आहे का. चवीचे ग्लास किती, तेही वाचा. चवीसाठी वय १८ पूर्ण लागतं, आणि लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी उत्पादनाच्या भागात सोडतच नाहीत. नातवंडं सोबत असतील तर कोण बाहेर थांबणार हे आधी ठरवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने एक थेंबही घ्यायचा नाही, यात तडजोड नको. स्कॉटलंडमध्ये १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी ती इंग्लंडपेक्षा कडक केली. आपल्याकडे ती ३० आहे. तिकडे थोडी सैल आहे म्हणून "एका ग्लासाने काय होतंय" असं म्हणू नका. चालवणाऱ्याचा वाटा बऱ्याच डिस्टिलऱ्या छोट्या बाटलीत भरून देतात. "ड्रायव्हर्स ड्रॅम" (ड्रॅम म्हणजे व्हिस्कीचा छोटा पेला) एवढं म्हटलं की कळतं. पण माझं मत विचाराल तर रेल्वेनेच जा. एडिनबराहून पिटलॉक्रीला गाडी जाते, आणि स्टेशनपासून पायी जाता येईल अशी ब्लेअर अ‍ॅथल डिस्टिलरी आहे, १७९८ साली सुरू झालेली. सहाच्या सहा जणांना सारखा आनंद मिळतो, कुणाला मन मारून बसावं लागत नाही.

आता नाकाची तयारी. यासाठी पंधरा दिवस द्या, कारण खरी टूर नाकानेच होते. व्हिस्कीच्या चवीचा मोठा भाग हा वास असतो, आणि आपलं नाक मसाल्यांत वाढलेलं असल्याने मुळातच तयार आहे. त्याला फक्त नावं द्यायची सवय लावायची. रोज संध्याकाळी डोळे मिटून एकेक डबी उघडा: लवंग, दालचिनी, गूळ, मनुके, बदाम, सुकं खोबरं, मध, संत्र्याची साल, नवी कोरी लाकडी पेटी. एक दिवस नाचणीचं सत्त्व करा. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजून दळायची. व्हिस्कीच्या जवाचं जवळपास हेच करतात, त्यालाच माल्ट म्हणतात. मोडामुळे धान्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते आणि पुढे यीस्ट त्या साखरेवर काम करतं. लहानपणी आजीने भरवलेल्या सत्त्वाचा गोडसर भाजका वास ज्याला आठवतो, त्याला तिथे मॅशिंगच्या, म्हणजे दळलेला माल्ट गरम पाण्यात कालवतात त्या खोलीत शिरल्या शिरल्या ओळख पटते.

धुराचंही तसंच. काही व्हिस्कींना, विशेषतः आयला बेटावरच्या, धुराचा दाट वास असतो. तो पीटमधून येतो. दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेल्या वनस्पतींचा थर ते विटांसारखा कापतात, वाळवतात आणि ओला जव वाळवताना खाली जाळतात. हे ऐकून मला गोवऱ्यांवर भाजलेला हुरडा आठवला. वास एकच नाही. पीटच्या वासात आयोडीन आणि डांबरासारखं काहीतरी असतं, हुरड्यात ते नसतं. पण धूर दाण्यात कसा उतरतो हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

ज्या दिवशी टूर, त्या दिवशी सकाळपासून अत्तर नको, वासाचं तेल नको, डिओ नको. तंबाखू, सुपारी, गुटखा तर अजिबात नको. जिभेवर त्याचा थर बसतो आणि पुढे बराच वेळ काही कळत नाही. लसणाची चटणीही त्या दिवशी टाळा. आम्ही पहिल्या दिवशी गाडीत धपाटे आणि लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी खाऊन गेलो, आणि पहिल्या दोन ग्लासांत मला लसणाशिवाय काही लागलं नाही. त्या दोन व्हिस्की पुन्हा मिळाल्या नाहीत, याचं वाईट अजून वाटतं. धपाटे जरूर न्या, दोन दिवस टिकतात, पण त्या दिवशी सोबत तिथलंच साखर-तूप किंवा साधं दही असू द्या. कारण उपाशीपोटी जायचंच नाही. चवीचा ग्लास १० ते २५ मिलीचा असतो. ऐकायला थोडा वाटतो, पण २५ मिलीचे चार ग्लास म्हणजे १०० मिली, आपल्या तीसच्या पेगाने तीनहून जास्त, तेही तासाभरात. त्यात एखादी थेट पिंपातून काढलेली असली तर ती ४० ऐवजी ५५-६० टक्क्यांची असते. सकाळी पोटभर खा, दोन ग्लासांच्या मध्ये पाणी प्या. साखरेच्या, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, इन्सुलिन असेल, तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा. साखर अचानक उतरू शकते, हे दारूच्या बाबतीत खरं आहे आणि परक्या देशात ते परवडणारं नाही.

न पिणाऱ्यांनीही यावं, असं मी मनापासून सांगतो. माझी बायको घेत नाही. तिने प्रत्येक ग्लास फक्त हुंगला, आणि लवंग, जुना मनुका, ओल्या मातीचा वास ही नावं तिनेच सगळ्यांत आधी सांगितली. गाइडने तिच्याशी दहा मिनिटं जास्तीची बोलून घेतलं. गटात कुणी माळकरी असतील तर त्यांनाही हाच मार्ग आहे. हुंगायची पद्धत एवढीच: ग्लास गोल गोल जोरात फिरवायचा नाही, नाक आत खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून काठाशी हलकेच हुंगायचं. नंतर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून पुन्हा. पाण्याने वास खुलतो, पाणी मागण्यात कमीपणा काही नाही.

कपड्यांचं थोडक्यात. भट्टीच्या खोलीत उकडतं आणि पिंपांच्या गोदामात गारठा असतो, म्हणून एकावर एक घाला. पाऊस कधीही येतो, छत्रीपेक्षा रेनकोट बरा. बूट सपाट हवेत. जिने लोखंडी जाळीचे असतात, उंच टाच जाळीत अडकते, साडीही पायात येते. बायकांनी पंजाबी ड्रेस किंवा पँट घातली तर सुखाने चढता येईल. काही खोल्यांत फोन बंद करायला सांगतात, कारण हवेत अल्कोहोलची वाफ असते. तेव्हा वाद न घालता बंद करा. यीस्ट काम करतं त्या उंच लाकडी पिपांवर वाकून डोकं आत घालू नका. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, तो नाकात बसला की घेरी येते.

वही-पेन न्या, आणि आपले प्रश्न घरूनच लिहून न्या. आपल्या भागातला माणूस तिथे चांगले प्रश्न विचारू शकतो. ज्यांच्या गावाजवळ साखर कारखाना आणि त्याची आसवनी आहे, त्यांना मळीचा वास पाठ आहे. आपल्याकडे स्वस्त व्हिस्की म्हणून जी विकली जाते त्यातल्या बऱ्याच मालात मळीचं स्पिरिट असतं. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की हे नाव लावता येत नाही, ती धान्याचीच लागते. स्कॉच म्हणायची तर स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरावी लागते. हा फरक डोक्यात ठेवून तांब्याच्या भट्ट्यांसमोर उभे राहा. धार दोनदा काढतात. पहिली आणि शेवटची धार बाजूला ठेवून मधलीच पिंपात भरतात, आणि ती कुठे तोडायची हे काचेच्या कुलूपबंद पितळी पेटीतून बघून ठरवतात. ती पेटी नीट बघा. कर चुकू नये म्हणून तिची किल्ली पूर्वी सरकारी अधिकाऱ्याकडे असायची.

आणि पाण्याबद्दल विचारा. हे मी विसरलो नव्हतो, विसरणं शक्यही नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वॅगनमध्ये पाच लाख लिटर, तेव्हा मी स्टेशनवर होतो. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचं पाणी कमी करायला लावलं होतं. म्हणून मी गाइडला विचारलं, तुमचं पाणी कुठून येतं, किती लागतं, आटलं तर काय करता? त्याने झऱ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की मुख्य पाणी लागतं ते वाफ थंड करायला, पिंपात जातं ते थोडंच. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात काही डिस्टिलऱ्यांना भट्ट्या थांबवाव्या लागल्या होत्या. पावसाच्या देशातही झरा आटतो आणि काम थांबतं, हे ऐकून मला तो कारखाना एकदम जवळचा वाटला.

उष्णतेचंही विचारा. पिंपातून दरवर्षी काही भाग उडून जातो, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो साधारण दोन टक्के, बंगळुरूला 'अमृत' या व्हिस्की कंपनीच्या गोदामात दहा-बारा टक्के. आपल्या मेच्या उन्हात काय होईल याचा अंदाज करा. म्हणून भारतातली माल्ट व्हिस्की स्कॉचपेक्षा कमी वर्षांत तयार होते. वय कमी म्हणून तिला हलकी समजणं चूक आहे. 'अमृत'ने आपली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्टपासून केलेली व्हिस्की) २००४ साली पहिल्यांदा विकायला काढली ती थेट ग्लासगोत, हे तिथे सांगा, ऐकणारे खूश होतात. ज्यांना व्हिसाचा खर्च नको, त्यांनी गोव्यात कुंकळ्ळीला 'पॉल जॉन'ची डिस्टिलरी बघावी, तिथेही टूर आणि चव असते.

परत येतानाचं. भारतात उतरताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, त्याहून जास्त असेल तर जाहीर करा. डिस्टिलरीतून घेतलेली बाटली चेक-इनच्या बॅगेतच घाला, टॉवेलमध्ये गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. हातातल्या बॅगेत बऱ्याच विमानतळांवर १०० मिलीपेक्षा जास्त चालत नाही. सत्तर टक्क्यांवरचं मद्य विमानात नेताच येत नाही. गोव्याहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा की तिथली स्वस्त बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, वाटेत तपासणी होते. शिवाय आपल्या राज्यात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, वयही २५ पूर्ण लागतं. आयुष्यभराचा परवाना एकदाच काढून ठेवा.

घरी आल्यावर बाटली उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र मद्याने बूच खराब होतं. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर नको, लातूरच्या उन्हाळ्यात तिथे हात लावता येत नाही. धान्याच्या कोठीशेजारी, जिथे उजेड येत नाही, तिथे ठेवा.