कनिष्ठांचा कार्यमूल्यमापन अहवाल लिहिताना

कमी प्रतवारी मिळाल्याने कर्मचारी जितका खट्टू होतो, त्याहून अधिक तो ती का मिळाली हे न कळल्याने कामावरून मन काढून घेतो. म्हणून प्रतिवेदन अधिकाऱ्याने, म्हणजे हा अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाने, अहवालाचे वर्ष सुरू होताच १ एप्रिललाच त्याची तयारी सुरू करावी. कोणती कामे किती मुदतीत अपेक्षित आहेत, हे कर्मचाऱ्याशी बोलून लेखी ठरवावे. पुढे प्रत्येकाचे ठळक प्रसंग तारखेनिशी टिपून ठेवावेत. अशी टिपणे नसली की मार्चमधल्या एखाद्या चुकीची छाया साऱ्या वर्षावर पडते आणि आधीचे अकरा महिने राबलेला माणूस ‘काम केले काय, न केले काय, सारखेच’ म्हणू लागतो. उणीव दिसताच ती एकट्याला बोलावून सांगावी.

शेरा लिहिताना स्वभावावर न जाता कामावर यावे. ‘कामात चालढकल करतात’ या शेऱ्यातून केवळ अपमान पोहोचतो. त्याऐवजी ‘ऑगस्टमधील अर्जांची छाननी सात दिवसांऐवजी तीन आठवड्यांनी पूर्ण झाली, मात्र त्या काळात दुसऱ्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे होता’ असे लिहिल्यास काय सुधारायचे ते कळते आणि आपली अडचण साहेबांनी पाहिली होती, हा दिलासाही मिळतो.

सर्वांना सरसकट ‘चांगला’ देऊन मोकळे होणे तर अन्यायच आहे. सीमा रस्ते सेवेतील एका कार्यकारी अभियंत्याला १९९३-९४ साठी ‘चांगला’ हा शेरा मिळाला होता. पदोन्नतीसाठी मागील पाचही वर्षे ‘खूप चांगला’ शेरा आवश्यक असल्याने त्याची बढती हुकली, आणि तो शेरा त्याला कधी कळवलाच गेला नव्हता. या देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे असा निकाल दिला. त्यानंतर २००९ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना संपूर्ण अहवाल दाखवून त्यावर १५ दिवसांत म्हणणे मांडू देण्याचे आदेश काढले.

तरीही नुसती प्रत हाती ठेवून कर्तव्य संपत नाही. दार लावून अर्धा तास बसावे, आधी त्याचे ऐकावे, आणि अभिवेदन, म्हणजे शेऱ्याविरुद्धचे लेखी म्हणणे, दिल्याबद्दल पुढच्या वर्षीच्या शेऱ्यात उट्टे काढले जाणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. अभिवेदन फेटाळले गेल्यास त्याची कारणेही लेखी मिळतील, याची खात्री करावी.